उन्हाळी फुटबॉल लीग आणि बेटिंग एक्स्चेंज: खानदेशातून वारंवार येणारे प्रश्न

आयपीएलचा अंतिम सामना आटोपला तरी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कट्ट्यांवरचे मोबाइल शांत होत नाहीत. ज्या टेलिग्राम वाहिन्या काल क्रिकेटचे ‘सेशन’ (ठरावीक षटकांतल्या धावांवरच्या पैजांचे अंदाज) विकत होत्या, त्या दुसऱ्याच दिवशी फिनलंडच्या दुसऱ्या स्तरावरील संघांची नावे सांगू लागतात. त्यानंतर आमच्याकडे येणारे प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ही उत्तरे यंत्रणा समजावी यासाठी लिहिली आहेत. भारतात राहून ती वापरावी असे त्यांतून सुचवलेले नाही, आणि त्याचे कारण प्रश्न ४ मध्ये सविस्तर आहे.

१. ऐन जून-जुलैत फुटबॉल कुठे चालू असतो? सगळ्या मोठ्या लीग तर मे महिन्यात संपतात.

इंग्लंड, स्पेन, इटली येथील हंगाम ऑगस्टपासून मेपर्यंत चालतो. परंतु ज्या देशांत हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली जातात, तेथे हंगाम वसंतात सुरू होऊन शरदात संपतो. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलंड, फेरो बेटे आणि एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया हे बाल्टिक देश या गटात येतात. आयर्लंडने २००३ पासून हीच पद्धत स्वीकारली. या पानावर ‘खालचा स्तर’ म्हटले आहे तेव्हा या देशांतील पहिल्या दर्जाच्या लीगखालील स्पर्धा अभिप्रेत आहेत: स्वीडनची सोळा संघांची सुपरएत्तान आणि तिच्याखाली उत्तर व दक्षिण अशा दोन गटांत विभागलेली एत्तान, नॉर्वेची दुसऱ्या स्तरावरील सोळा संघांची लीग, फिनलंडने २०२४ मध्ये फेररचना करून सुरू केलेली दहा संघांची युक्कोसलीगा, आयर्लंडची फर्स्ट डिव्हिजन, वगैरे.

आपल्याकडील लोकांना या लीग सोयीच्या वाटतात त्यामागे घड्याळही आहे. उन्हाळ्यात फिनलंड आपल्यापेक्षा अडीच तास, स्वीडन व नॉर्वे साडेतीन तास, आयर्लंड साडेचार तास आणि आइसलंड साडेपाच तास मागे असते. फिनलंडमध्ये संध्याकाळी साडेसहाला सुरू होणारा सामना भुसावळात रात्री नऊला, म्हणजे जेवणे आटोपल्यावर, दिसतो. आयर्लंडचा शुक्रवारी पावणेआठचा सामना मात्र आपल्याकडे शुक्रवारची मध्यरात्र उलटल्यावर सव्वाबाराला सुरू होतो.

२. बुकी आणि एक्स्चेंज यांत नेमका फरक काय?

बुकी स्वतः भाव ठरवतो आणि पैज लावणाऱ्याच्या विरुद्ध बाजूला स्वतः उभा राहतो, त्यामुळे आपण हरल्यावर पैसा त्याच्या खिशात जातो. एक्स्चेंज पैज घेत नाही. ते केवळ लावणारा (अमुक संघ जिंकेल म्हणणारा) आणि खाणारा (ती पैज घेऊन तो जिंकणार नाही म्हणणारा) यांची जुळणी करते आणि त्या बाजारात ज्याला निव्वळ नफा झाला त्याच्याकडून ठराविक टक्के कमिशन कापून घेते. या पद्धतीला मोठे रूप दिले ते ब्रिटनमधील बेटफेअरने. अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी जून २००० मध्ये प्रत्यक्ष सुरू झाली.

खाणाऱ्याची जोखीम लावणाऱ्यासारखी नसते, हे नवख्यांच्या लक्षात उशिरा येते. एखाद्या संघावर ८.० या भावाने (म्हणजे जिंकल्यास लावणाऱ्याला मुद्दलासह आठपट) १,००० रुपये ‘खाल्ले’ आणि तो संघ जिंकला, तर खाणाऱ्याला ७,००० रुपये द्यावे लागतात. संघ जिंकला नाही तर त्याला मिळतात फक्त १,०००. म्हणून परवानाधारक एक्स्चेंज ही ७,००० रुपयांची रक्कम सामना संपेपर्यंत खात्यात अडकवून ठेवते.

३. मग त्याला ‘ट्रेडिंग’ का म्हणतात? निकाल न ओळखताही पैसे मिळतात असे ऐकले आहे.

भाव जास्त असताना लावायचे आणि उतरल्यावर खायचे, किंवा याच्या उलट करायचे, असा तो व्यवहार आहे. उदाहरणार्थ, यजमान संघावर २.२० ने १,००० रुपये लावले आणि सामना सुरू होण्यापूर्वी भाव २.०० वर आला. आता त्याच संघावर १,१०० रुपये खाल्ले, तर संघ जिंकल्यास लावलेल्यातून १,२०० मिळतात आणि खाल्लेल्यातून १,१०० जातात. न जिंकल्यास १,००० जातात आणि १,१०० मिळतात. दोन्हीकडे १०० रुपये उरतात आणि ५ टक्के कमिशन धरले तर हातात ९५ येतात.

हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात एक गृहीतक दडलेले आहे: भाव आपल्याच बाजूने हलला पाहिजे. तो २.४२ वर गेला तर तोटाही असाच दोन्हीकडे समान वाटला जातो. निकालाऐवजी भावाची दिशा ओळखायची, एवढाच बदल. ओळखण्याचे ओझे कमी होत नाही.

४. हे सगळे जळगावात बसून करणे कायदेशीर आहे का?

नाही. येथे एकाहून अधिक कायदे लागू होतात आणि वाहिन्यांवरचे ‘विदेशी साइटला भारताचा कायदा लागत नाही’ हे वाक्य त्यांतल्या एकालाही धरून नाही.

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात घोड्यांच्या शर्यतींसाठी सवलत आहे, फुटबॉलसाठी नाही. त्यानंतर संसदेने ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियम, २०२५ संमत केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. पैशांची देवाणघेवाण करून देणाराही गुन्हेगार ठरतो. आपले बँक खाते ‘भाड्याने’ देणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी हे वाक्य दोनदा वाचावे. केवळ खेळणाऱ्याला या अधिनियमात शिक्षा नाही, हे खरे आहे, परंतु त्यामुळे व्यवहार वैध ठरत नाही.

तिसरी बाजू परकीय चलनाची. चालू खात्यावरील व्यवहारांच्या २००० च्या नियमांत ज्या कारणांसाठी देशाबाहेर पैसे पाठवता येत नाहीत त्यांची यादी आहे आणि तीत लॉटरीच्या तिकिटांबरोबर ‘फुटबॉल पूल’ (सामन्यांच्या निकालांवरची सामायिक पैज) हा उल्लेख थेट केलेला आहे. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्यवत असतो, म्हणजे जिंकलेले पैसे समोरच्याने दिले नाहीत तर कोणत्याही न्यायालयात वसुलीचा दावा चालत नाही. या शेवटच्या मुद्द्याचा एक उपयोगी परिणाम प्रश्न १३ मध्ये आहे.

५. भाऊ, माझ्याकडे ओळखीतल्या माणसाने दिलेली ‘आयडी’ आहे. तिच्यावर लगाई आणि खाई दोन्ही भाव दिसतात. म्हणजे ते एक्स्चेंजच झाले ना?

आयडी म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचे लॉगिन. दिसायला ते तसे असते. परंतु खऱ्या एक्स्चेंजवर आपले पैसे परवाना देणाऱ्या देशाच्या नियमांखाली ठेवलेले असतात आणि समोरच्या बाजूला दुसरा खेळाडू असतो. आयडीच्या बाबतीत आपण पैसे एखाद्या यूपीआय खात्यावर पाठवतो, त्याबदल्यात पडद्यावर ‘पॉइंट’ येतात आणि ते पॉइंट पुन्हा रुपयांत बदलून देण्याची हमी केवळ आयडी देणाऱ्याच्या तोंडी शब्दावर असते. पडद्यावरील भाव परदेशी एक्स्चेंजवरून उचललेला असला तरी आपली पैज तेथे पोहोचते असे समजण्यास काही आधार नसतो. ती बहुतेकदा आयडीच्या साखळीतच कोणीतरी खाल्लेली असते. म्हणजे फिरून गावचा बुकीच, फक्त इंग्रजी पडद्यामागे बसलेला. सतत जिंकणाऱ्याची आयडी बंद होते आणि हरणाऱ्याला उधारीवर पॉइंट मिळतात, ही तक्रार आमच्याकडे अमळनेरहूनही येते आणि शहाद्याहूनही.

६. प्रीमियर लीग सोडून लोक या अनोळखी लीगकडे का वळतात?

युक्तिवाद असा असतो: मोठ्या सामन्यांचे भाव हजारो जाणकारांनी घासूनपुसून अचूक केलेले असतात, तर फिनलंडच्या दुसऱ्या स्तराकडे फारसे कोणी पाहत नाही, म्हणून तेथे चुकीचे भाव सापडतात. यातला पहिला भाग बरोबर आहे आणि दुसराही बऱ्याच अंशी बरोबर आहे. चुकीचे भाव असतातच. ते कोणाला सापडतात, हा खरा प्रश्न आहे.

या स्तरावर बरेच खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात. मुख्य गोलरक्षकाला कामावरून सुटी मिळाली नाही, मधल्या फळीतला मुलगा भावाच्या लग्नाला गेला, उन्हाळी बदल्यांच्या काळात संघाचा आघाडीवीर वरच्या लीगमध्ये गेला, आइसलंडमध्ये काही खेळाडू ऑगस्टमध्ये शिक्षणासाठी अमेरिकेला निघाले, अशा बातम्या तिथल्या गावात सकाळीच माहीत असतात. क्लबच्या पानावर संघयादी साधारण तासभर आधी येते, तीही स्थानिक भाषेत. तोपर्यंत भाव हललेला असतो. दुर्लक्षित बाजारात माहितीचा फायदा जवळच्या माणसाला असतो, आणि इकडे चोपडा गावात बसलेला माणूस त्या बाजारात सर्वांत लांबचा आहे.

७. पडद्यावर २.२० दिसते, मग माझी पूर्ण पैज लागत का नाही?

कारण त्या भावाखाली लिहिलेली रक्कम आपण वाचलेली नसते. २.२० च्या खाली १४ पौंड असतील, तर त्या भावाने तेवढेच मिळतील. उरलेली रक्कम पुढच्या, वाईट भावाने जुळेल किंवा तशीच पडून राहील. रावेरला केळीचा जाहीर भाव फळ्यावर एक आणि बागेत काट्यावर मिळणारा भाव दुसरा, हा अनुभव ज्या शेतकऱ्याने घेतला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

खालच्या लीगमधील खर्च याच ठिकाणी आहे, म्हणून थोडा हिशेब करू. बेटफेअरवर २ ते ३ दरम्यान भाव ०.०२ च्या पायरीने बदलतो. मोठ्या सामन्यात लावण्याचा भाव २.२० असेल तर खाण्याचा साधारण २.२२ असतो. १,००० रुपये लावून लगेच बाहेर पडायचे ठरवले, तर सुमारे ९ रुपये जातात. सुपरएत्तानखालच्या सामन्यात हेच अंतर २.२० आणि २.३६, म्हणजे आठ पायऱ्यांचे, असू शकते; तेव्हा आत जाऊन लगेच बाहेर येण्याचाच खर्च सुमारे ६८ रुपये होतो. भाव आठ पायऱ्या आपल्या बाजूने हलला तर आपण कुठे मुद्दलावर येतो, आणि कमिशनचा प्रश्न त्यानंतरचा.

रांगेत उभे राहून चांगला भाव मागता येतो, हे खरे. मात्र अशी मागणी पूर्ण होते तेव्हा ती बहुधा आपल्यापेक्षा जास्त माहिती असलेल्याने पूर्ण केलेली असते (प्रश्न ६). भाव आपल्या बाजूने जाणार असता, तर त्याने आपल्याला तो दिलाच नसता.

८. सामना मोबाइलवर थेट दिसतो. गोल होताच लगेच पैज टाकली तर?

आपण ज्याला थेट म्हणतो ते प्रक्षेपण इंटरनेटवरून येताना कित्येक सेकंद मागे असते, कधी अर्धा मिनिटही. मैदानाच्या कडेला मात्र माहिती कंपन्यांचे प्रतिनिधी बसलेले असतात आणि धोकादायक चढाई, पेनल्टी, लाल कार्ड यांची नोंद ते त्याच क्षणी पाठवतात. एक्स्चेंज सामना चालू असताना प्रत्येक पैज काही सेकंद रोखून धरते आणि गोल होताच बाजार थांबवते. गोल झाल्यानंतर पण बाजार थांबण्यापूर्वी जुळलेल्या पैजा रद्द करण्याचा नियमही असतो. त्यामुळे जी पैज आपल्याला हवी असते ती रद्द होते. जी टिकते ती बहुधा समोरच्याला हवी असलेली असते.

खालच्या स्तरावर आणखी एक खाच आहे: पुष्कळ सामन्यांसाठी सामना चालू असतानाचा बाजार उघडतच नाही. सामना सुरू होताच बाजार बंद होतो आणि आधी लावलेली पैज मोडायला जागा राहत नाही.

९. बरोबरीला खायचे आणि गोल पडला की बाहेर पडायचे, ही पद्धत तरी सुरक्षित आहे ना?

वाहिन्यांवर सर्वाधिक विकली जाणारी पद्धत हीच आहे, म्हणून तिचे तीन फाटे नीट पाहावेत. सुरुवातीला बरोबरीचा भाव ३.६ आहे असे धरू. बलाढ्य संघाने पहिला गोल केला तर बरोबरीचा भाव वर जातो आणि खाणाऱ्याचा फायदा होतो. दुबळ्या संघाने गोल केला तर भाव फारसा हलत नाही, कारण बलाढ्य संघ बरोबरी साधेल ही शक्यता बाजार धरूनच असतो. गोलच झाला नाही तर भाव दर मिनिटाला उतरत जातो आणि सत्तराव्या मिनिटाला बाहेर पडायचे म्हटले तरी मोठा तोटा पदरी येतो. अनेक छोटे फायदे एका गोलशून्य सामन्यात जातात.

त्याशिवाय गोलनंतर बाजार पुन्हा उघडतो तेव्हा खालच्या लीगमध्ये तो काही काळ जवळजवळ रिकामा असतो (प्रश्न ७). कागदावरचा फायदा प्रत्यक्षात घेण्यासाठी समोर कोणीतरी असावे लागते.

१०. कृत्रिम गवत, वारा, लांबचा प्रवास यांचा अभ्यास केला तर फायदा होतो का?

हे घटक खरे आहेत आणि अभ्यासाला रंजकही. नॉर्वे, आइसलंड, फिनलंड येथील अनेक क्लब कृत्रिम गवतावर खेळतात. फेरो बेटे आणि आइसलंड येथे वारा सामन्याचा बाज बदलतो. उत्तर नॉर्वेतील संघाला दक्षिणेत खेळायला जाणे हा दिवसभराचा प्रवास ठरतो. हंगामाच्या शेवटी बढती-घसरणीची गणितेही येतात: सुपरएत्तानमधील पहिले दोन संघ थेट वर जातात आणि तिसरा पात्रता सामने खेळतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये सातव्या-आठव्या क्रमांकाच्या संघाला जिंकण्याची निकड उरलेली नसते.

अडचण इतकीच आहे की या सर्व गोष्टी उघड आहेत आणि भाव लावणारे त्या धरूनच भाव लावतात. कृत्रिम गवताची सवय असलेला यजमान संघ बलाढ्य दिसतो, पण त्याचा भावही तसाच उतरलेला असतो. आकडेवारीची आवड असेल तर पैसे न लावता रोज सामन्यापूर्वी स्वतःचा अंदाज वहीत लिहावा आणि तो बाजार बंद होतानाच्या भावाशी ताडून पाहावा. संख्याशास्त्र शिकण्याचा हा उत्तम मार्ग आहे, आणि बहुतेकांचा ‘आपल्याला बाजारापेक्षा जास्त कळते’ हा समज काही आठवड्यांत, फुकटात, उतरतो.

११. टेलिग्रामवर ‘फिक्स मॅच’ विकतात. खरेच सामने फिक्स असतात का?

सामने फिक्स झालेले आहेत. विकले जाते ते मात्र दुसरेच काहीतरी असते.

सिंगापूरच्या विल्सन राज पेरुमलला फेब्रुवारी २०११ मध्ये फिनलंडमध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी रोव्हानिएमीच्या न्यायालयाने त्याला सामने निश्चित केल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा दिली. तेथील आरओपीएस संघाचे काही खेळाडूही दोषी ठरले. पगार कमी, प्रेक्षक थोडे आणि आशियातील सट्टा प्रचंड, अशा जागी ही कीड लागते. युरोप परिषदेने खेळांतील निकालांच्या हेराफेरीविरुद्ध केलेला करार २०१४ मध्ये स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये लागू झाला; स्वीडनच्या नियामकाने पिवळ्या कार्डासारख्या नियमभंगांवर पैजा घेण्यास मनाई केली, कारण एका खेळाडूला विकत घेऊन तेवढे घडवून आणणे सोपे असते.

ज्याच्याकडे खरोखर अशी माहिती आहे तो ती पाच हजार रुपयांना साक्रीच्या मुलाला विकणार नाही. ग्राहक वाढले की त्याचाच भाव मोडेल. वाहिनी चालवणारा अर्ध्या लोकांना एक संघ आणि उरलेल्या अर्ध्यांना दुसरा संघ सांगतो, ज्यांचे बरोबर आले त्यांच्याकडून पुढच्या सामन्याचे पैसे घेतो आणि उरलेल्यांना अडवून टाकतो. खरी माहिती असली तरी तिच्यावर पैसे लावणे म्हणजे गुन्ह्यात भागीदार होणे, हे वेगळेच.

१२. सामना वाऱ्यामुळे पुढे ढकलला, अर्धवट थांबला किंवा जादा वेळेत गेला, तर पैजेचे काय होते?

सामनानिकालाच्या पैजा ९० मिनिटे आणि पंचाने वाढवून दिलेला वेळ एवढ्यावरच ठरतात. जादा वेळ आणि पेनल्टी शूटआउट त्यांत धरत नाहीत. चषकाचा सामना पेनल्टीवर जिंकलेला संघ पैजेच्या दृष्टीने बरोबरीत असतो. पुढे ढकललेला किंवा अर्धवट सोडलेला सामना नियमांतील मुदतीत पूर्ण न झाल्यास न ठरलेल्या पैजा रद्द होतात. आयडीवर असे लिखित नियम सहसा नसतातच, त्यामुळे तेथे वाद झाल्यास आयडीवाल्याचा शब्द अंतिम राहतो (प्रश्न ५).

कराबाबतही याच संदर्भात विचारले जाते. ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकीवर २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सरसकट ३० टक्के आयकर आहे, आणि उत्पन्न बेकायदा मार्गाचे असले म्हणून ते करातून सुटत नाही.

१३. माझा धाकटा भाऊ आयडीवर हरला. आता आयडीवाला आणि ज्याच्याकडून त्याने उसने घेतले तो सावकार, दोघेही घरी येतात. वडिलांची जमीन लिहून मागतात. आम्ही काय करावे?

प्रथम काहीही लिहून देऊ नये आणि कोऱ्या धनादेशावर किंवा मुद्रांकावर सही करू नये. पैजेचा करार शून्यवत असल्यामुळे (प्रश्न ४) आयडीवाल्याला कायदेशीर वसुलीचा अधिकार नाही. आपल्याकडे त्यापुढचीही तरतूद आहे: खानदेश ज्या मुंबई इलाख्यात होता, तेथे १८६५ मध्ये पैजांविषयी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यानुसार पैजेसाठी किंवा पैजेतील देणे फेडण्यासाठी दिलेल्या कर्जासारखे पूरक करारही शून्यवत ठरतात. महाराष्ट्रात हे तत्त्व आजही लागू आहे. प्रत्यक्ष प्रकरणात कागद कसे झाले आहेत यावर बरेच अवलंबून असते, म्हणून ते वकिलाला दाखवावेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पात्र व्यक्तींना मोफत वकील मिळतो.

सावकार विनापरवाना असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करता येते. सावकारीच्या ओघात जमीन आधीच लिहून घेतली असेल, तर चौकशीअंती ती परत देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार त्यांना आहे. धमक्यांचे संदेश पुसू नयेत, पडद्याची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि पोलीस ठाण्यात द्यावीत. ऑनलाइन पैसे लुबाडले गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. भावाशी बोलताना हिशेब मागण्याआधी तो झोपतो का, जेवतो का हे पाहावे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर समुपदेशक मराठीतही बोलतात आणि फोन घरच्यांनी केला तरी चालतो.